पुतळा नको, अभ्यासिका हवी : ग्रामस्थांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

बोरीकाठच्या आपल्या गावातली पोरं पहाटे अंमळनेर रस्त्यावर पळताना सगळ्यांनीच पाहिली आहेत. जवान म्हणून ती भरती होतात, त्याचा अभिमानच आहे. पण बारावीत असतानाच एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) परीक्षा देऊन अधिकारी होता येतं, हे अनेकांना वय उलटल्यावर कळतं. म्हणून वाचनालयाच्या माडीवर अभ्यासिका सुरू करायचं माजी सैनिकांनी आणि वाचनालयाने ठरवलं आहे. तिला लेफ्टनंट मनोजकुमार पांडे यांचं नाव द्यायचं आहे.

बैठकीत लगेच कोणीतरी विचारलं, "हाऊ कोना पोऱ्या शे?"

पोरगा उत्तर प्रदेशातल्या सीतापूर जिल्ह्यातला, ११ गोरखा रायफल्सच्या पहिल्या बटालियनचा. पण अधिकारी म्हणून घडला तो आपल्याच पुण्याजवळच्या खडकवासल्याला, एनडीएत. सैन्यात का यायचंय, या मुलाखतीतल्या प्रश्नाला "परमवीर चक्र मिळवायला" असं उत्तर त्याने दिलं होतं, असं सांगतात. कारगिल युद्धात २ जुलै १९९९ च्या रात्री बटालिक भागातल्या खालुबारवर त्याची प्लाटून चढत होती. वरच्या बंकरांतून मारा चालू होता. उजाडायच्या आत ते घेतले नसते, तर सगळी तुकडी उघड्यावर सापडली असती. पहिले दोन बंकर त्याने घेतले. तिसऱ्यावर जाताना खांद्याला आणि पायांना गोळ्या लागल्या, तरी तो चौथ्यापर्यंत पोचला. तिथे कपाळावर गोळी लागली. २४ वर्षं पुरी होऊन जेमतेम आठवडा झाला होता. खालुबार आपल्या ताब्यात आला, परमवीर चक्र मरणोत्तर मिळालं.

चौकात पुतळा बसवा, अशीही सूचना आली. पुतळ्याला वर्षातून एकदा, २६ जुलैला कारगिल विजय दिनी हार पडेल. आम्हाला रोज संध्याकाळी उघडणारी खोली हवी आहे.

एनडीएच्या लेखी परीक्षेला ९०० गुण, त्यात गणिताचे ३००. आपली मुलं अडतात ती गणितात आणि इंग्रजीत. त्यामुळे आठवड्यातून दोन तास हे विषय शिकवणारं कोणी मिळालं, तर ती आमच्या लेखी सर्वांत मोठी देणगी. मुलींनीही जरूर यावं. २०२२ पासून एनडीएत मुली आहेत आणि २०२५ मध्ये त्यांची पहिली तुकडी बाहेरही पडली.

बाकी टेबलं, खुर्च्या, दोन पंखे आणि वीज जाते तेव्हासाठी इन्व्हर्टर लागेल. पुस्तकं अलीकडचीच द्या, घरातली रद्दी कृपया नको. सुरत, पुणे, मुंबईला असलेल्या गावकऱ्यांनी एकेका वस्तूची जबाबदारी घेतली तर काम लवकर उरकेल. शंभर रुपयेही चालतील, आणि कापसाचे पैसे हाती आल्यावर दिले तरी हरकत नाही.

देणगी वाचनालयात संध्याकाळी स्वीकारली जाईल. पावतीशिवाय कोणाच्याही हाती रोख रक्कम देऊ नये. जमाखर्च दर महिन्याला वाचनालयाच्या फळ्यावर लावू.

आपले,
माजी सैनिक व वाचनालयाचे कार्यकर्ते