गिरगावच्या काकांना, क्रंब दाखवल्याबद्दल

आदरणीय काका,

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ‘काका’. आभार मात्र चारचौघांत मानणार आहे.

रॉबर्ट क्रंब या अमेरिकन कॉमिक्स चित्रकाराचं नाव मला माहीत होतं, त्याची चित्रं फोनवर बघितली होती. तुम्ही ‘चीप थ्रिल्स’ची अख्खी बारा इंची रेकॉर्ड कव्हरसकट हातात दिलीत, शेजारी भिंग ठेवलंत आणि म्हणालात, “घाई करू नकोस, चहा येतोय.” ओळख ना पाळख अशा मुलीला आपल्या कपाटातल्या वस्तूला बिनधास्त हात लावू देणारे संग्राहक मुंबईत फार नसतील.

1968 सालचं ते कव्हर. ‘बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनी’ हा बँड, गायिका जॅनिस जॉप्लिन आणि चित्रकार पंचविशीतला. त्याने कॉमिकसारख्या चौकटी पाडून एकेक गाणं, एकेक वादक त्यात बसवला. ‘बॉल अँड चेन’च्या चौकटीत जॅनिस पायातला लोखंडी गोळा फरफटत ओढते आहे. हे चित्र खरं तर मागच्या बाजूसाठी होतं. जॅनिसला ते इतकं आवडलं की पुढे आलं. भिंगातून बघताना मला आधी दिसली ती अक्षरं. चौकटींत कुठेही छापील टाईप नाही. गाण्याचं नाव, वादकाचं नाव, सगळं त्याच हाताने, त्याच शाईने काढलेलं. फोनच्या पडद्यावर हे मला कधीच कळलं नसतं, कारण तिथे ती अक्षरं मुंगीएवढी होतात.

‘समरटाईम’च्या चौकटीवर तुम्ही बोट ठेवलंत. काळ्या दाईचं ते बटबटीत, अपमानास्पद व्यंगचित्र. “हे मला पटत नाही, पण तुझ्यापासून लपवणारही नाही,” म्हणालात. त्याबद्दल वेगळे आभार. चांगल्या रेषेचं कौतुक करताना डोळे मिटायचे नसतात, हे कलाशाळेत कुणी इतक्या स्पष्टपणे सांगितलं नव्हतं.

आणि असं चित्र काढणाऱ्या क्रंबचा जीव मात्र ब्लूज या काळ्या अमेरिकनांच्या संगीतातल्या जुन्या कलाकारांत अडकलेला! त्याला रॉकपेक्षा 1920-30च्या दशकांतली गाणी प्रिय. स्वतः बँजो आणि मँडोलिन वाजवायचा, ‘चीप सूट सेरेनेडर्स’ नावाचा बँड काढला, आणि 78च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या मिळणार असतील तर पैशांऐवजी त्या घेऊन कव्हर काढून द्यायचा. तुम्ही मग ‘याझू’ कंपनीची रेकॉर्ड काढलीत, ब्लाइंड बॉय फुलरची. रेघांवर रेघा चढवत उभा केलेला तो गिटारवाला. मला विचाराल तर ‘चीप थ्रिल्स’पेक्षा हे कव्हर सरस आहे. तिथे धमाल आहे, इथे आदर आहे. 1980च्या ‘हीरोज ऑफ द ब्लूज’ या पत्त्यांएवढ्या कार्डांवरचे चेहरेही तसेच.

आणि ती लाखेची गोष्ट! त्या जुन्या तबकड्या लाखेच्या, आणि जगाला लाख पुरवण्यात आपला देश आघाडीवर. क्रंब ज्या तबकड्यांसाठी जीव टाकायचा, त्यांत छोटा नागपूरच्या जंगलातली लाख असणार, हे तुम्ही इतक्या सहज सांगितलंत की मी चहा प्यायची विसरले.

आता कामाचं. मित्रांच्या पोवाड्यांच्या अल्बमचं कव्हर मी फॉन्ट न वापरता केलंय. नाव हाताने लिहिलं, शिरोरेषा डफाच्या काठावरून वळवली आणि वेलांट्या शाहिराच्या फेट्याच्या तुऱ्यात नेऊन सोडल्या. मंडळींना वाचता येईल का अशी धाकधूक होती, पण त्यांनी पहिल्या नजरेत वाचलं. आतल्या पानावर ‘गिरगावच्या काकांचे आभार’ एवढंच छापतेय. त्याला तरी नाही म्हणू नका.

‘मेंफिस जग बँड’ या जुन्या अमेरिकन बँडची रेकॉर्ड “पुढच्या वेळी” म्हणाला होतात. या रविवारी दुपारी आले तर चालेल का? स्केचबुक घेऊन येईन. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
भिंग परत द्यायला तयार नसलेली चित्रकार