पशूला गाणे का नाही

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात फोनवर तू म्हणालीस की 'ब्यूटी अँड द बीस्ट' ही एका मुलीला डांबून ठेवून मग तिला डांबणाऱ्याच्याच प्रेमात पाडण्याची गोष्ट आहे, आणि बाबा, लहानपणी तुम्हाला हे गोड कसे वाटले, असेही विचारलेस. तेव्हा मी विषय बदलला, कारण १९९१ सालचा डिस्नेचा तो ॲनिमेशनपट मी कित्येक वर्षांत सलग पाहिला नव्हता आणि जुन्या आठवणींच्या भरवशावर तुझ्याशी वाद घालणे शहाणपणाचे नव्हते. रविवारी तो पुन्हा पाहिला. जेमतेम ८४ मिनिटांचा आहे. आता सवडीने उत्तर लिहितो. तुझा आक्षेप खोडून काढावा असा हेतू नाही, पण त्यात एक गोष्ट तुझ्या नजरेतून निसटली आहे असे मला वाटते, आणि ती गाण्यांशी संबंधित आहे.

आधी तुझे म्हणणे घेतो. शापाने पशू झालेला तो राजपुत्र म्हाताऱ्या मॉरिसला बुरुजातल्या कोठडीत टाकतो, त्याच्या बदल्यात त्याच्या मुलीला, बेलला, ठेवून घेतो, रात्री जेवायला ये म्हणून तिच्या दारावर मुठी आपटतो आणि ती येत नाही म्हटल्यावर तिला उपाशीच राहू द्या असे नोकरांना बजावतो. यात गोड काही नाही. मात्र चित्रपटालाही ते गोड वाटत नाही, हे लक्षात घे. बेल जेवायला जात नाही ती नाहीच. पश्चिमेकडच्या निषिद्ध दालनात पशू तिच्या अंगावर धावून येतो तेव्हा दिलेला शब्द मोडून ती सरळ घोड्यावर बसून निघून जाते. रानात लांडगे तिला घेरतात, पशू मध्ये पडतो, लांडग्यांना पळवून लावतो आणि स्वतः बर्फात कोसळतो. यानंतरचे काही क्षण तू पुन्हा नीट पाहा. बेल घोड्याकडे वळलेली आहे, वाट मोकळी आहे, अडवणारा निपचित पडला आहे. ती मागे वळून पाहते, घुटमळते आणि परत फिरते. त्यानंतर ती त्याची जखम धुते तेव्हा दोघांचे जे भांडण होते, ते बरोबरीच्या माणसांचे भांडण आहे. तू पळाली नसतीस तर हे झाले नसते, असे तो म्हणतो. तुम्ही मला घाबरवले नसते तर मी पळाले नसते, असे ती ऐकवते. आणि शेवटी तुम्ही रागावर ताबा ठेवायला शिका, असे ती सुनावते तेव्हा त्याच्याजवळ उत्तर उरत नाही.

मूळ गोष्टीत हे काही नाही. ती फ्रान्समधली आहे. गाब्रिएल-सुझान द व्हिलनव्ह या लेखिकेने ती १७४० मध्ये प्रसिद्ध केली आणि १७५६ मध्ये मादाम लप्रँस द बोमाँ यांनी तिचे छोटे रूप लिहिले, तेच पुढे जगभर पसरले. त्यात बाप हा व्यापारी आहे, त्याची गलबते बुडालेली आहेत, आणि धाकट्या मुलीने मागितलेले गुलाबाचे फूल तो पशूच्या बागेतून तोडतो, म्हणून जिवावर बेतते. तो घरी येऊन हकीकत सांगतो आणि धाकटी आपण होऊन जायला निघते. बापाला जाऊ देताना पशू त्याला पेटीभर संपत्तीही देतो आणि बाप ती घेतो, हे वाचताना मी अस्वस्थ झालो. ज्या काळात मुलींची लग्ने अनोळखी, वयाने कितीतरी मोठ्या पुरुषांशी ठरत, त्या काळातल्या मुलींची मनाची तयारी करणारी ही कथा आहे, असे पुष्कळ अभ्यासक म्हणतात. लिंडा वुल्व्हर्टन यांनी चित्रपटाची पटकथा लिहिताना (डिस्नेच्या मोठ्या ॲनिमेशनपटाची पटकथा लिहिणाऱ्या त्या पहिल्या स्त्री) हा बापच बदलून टाकला. मॉरिस हा चक्रम संशोधक आहे, त्याला काहीही मिळत नाही आणि तो मुलीला शेवटपर्यंत 'नको' म्हणत राहतो. बेलही डोळे मिटून होकार देत नाही. पशूला ती आधी उजेडात यायला सांगते, त्याला पुरते पाहते, दचकते आणि मगच शब्द देते. त्याच क्षणी पशू मॉरिसला ओढत बाहेर नेतो. त्यानंतर बेल त्याला म्हणते, मला त्यांचा निरोपही घेऊ दिला नाही, आणि पशूचा चेहरा पहिल्यांदा थोडा ओशाळतो. दहाव्या-अकराव्या वर्षी हे मला दिसलेच नव्हते. आता मी बहुतेक वेळ मॉरिसकडेच पाहत होतो, हे तुला वेगळे सांगायला नको.

आता गाण्यांकडे येतो. आमच्या पिढीच्या मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचे, त्यामुळे व्हिडिओ लायब्ररीतून भाड्याने आणलेल्या त्या कॅसेटमधले संवाद मला अर्धेही कळले नव्हते. तरी गोष्ट पूर्ण कळली, कारण ती गाण्यांतून सांगितलेली होती. हे श्रेय गीतकार हॉवर्ड ॲशमन आणि संगीतकार ॲलन मेंकन या जोडीचे. दोघे न्यूयॉर्कच्या संगीत रंगभूमीवरून आलेले. हा चित्रपट आधी गाण्यांशिवाय करायचे ठरले होते आणि तशी सुरुवातही झाली होती, पण स्टुडिओचे प्रमुख जेफ्री कॅट्झनबर्ग यांनी ती १९८९ मध्ये मोडीत काढली आणि मग ॲशमन यांना बोलावले. त्यांचे तत्त्व असे की पात्राला बोलणे अपुरे पडू लागले की त्याने गावे, आणि गाणे संपेपर्यंत गोष्ट पुढे सरकलेली असावी. पहिलेच गाणे पाहा. बेल पुस्तक वाचत बाजारातून चालली आहे, पाववाला पाव विकतो आहे, बायका घासाघीस करत आहेत, पुस्तकवाला पुस्तक भेट देतो आहे, आणि सारे गाव तिच्याबद्दल कुजबुजते आहे. पाच मिनिटांत गाव, मुलगी, तिचे एकटेपण आणि तिच्यावर डोळा ठेवून असलेला शिकारी गॅस्टन, एवढे सगळे मांडून होते. आपल्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नाटकांतली पदे आजोबा म्हणायचे ती तुला आठवत असतील. 'सौभद्र'मधली पुष्कळ पदे अशीच संवादासारखी चालतात, सुभद्रेचे गाऱ्हाणे पदातूनच कळते. पुढे आलापी आणि वन्समोअर वाढले आणि पदासाठी गोष्ट खोळंबू लागली, पण तो विषय वेगळा, आणि त्यावर माझे नि आजोबांचे कधी पटले नाही.

गॅस्टनचे खानावळीतले गाणे मला लहानपणी फक्त विनोदी वाटले होते. आता त्यातली भीती कळते. तो देखणा आहे, गावाचा लाडका आहे, आणि सगळे गाव त्याचे कौतुक करता करता नकळत त्याच्या मागे उभे राहते. पुढे तेच गाव मशाली घेऊन वाड्यावर चालून जाते तेव्हा त्यांचेही गाणे असते. जे समजत नाही त्याची भीती वाटते आणि भीती वाटली की ठेचायला निघायचे, हे ते अगदी उघडपणे गातात. म्हणजे जो खरोखर धोक्याचा आहे त्याला भरपूर गाणी आहेत. शापाने घड्याळे, कपबश्या होऊन बसलेल्या वाड्यातल्या नोकरांनाही आहेत. 'बी अवर गेस्ट' हे मेजवानीचे गाणे आधी मॉरिससाठी योजले होते, पण गोष्ट बेलची असताना मेजवानी बापाला कशी, हे ध्यानात आल्यावर ते तिच्याकडे वळवले.

मग पशूला गाणे का नाही? संपूर्ण चित्रपटात त्याच्या वाट्याला एका गाण्यातल्या काही ओळी येतात. बर्फातल्या त्या प्रसंगात पाखरे त्याच्या अंगाखांद्यावर बसतात तेव्हा तो गातो, पण तेही ओठ न हलवता, मनातल्या मनात. त्याच्या बाबतीत जे काही घडते ते गाण्याबाहेर घडते. सूप पिण्याचा प्रसंग तुझ्या लक्षात असेल. तो वाडग्यात तोंड घालून सूप भुरकतो, चिप नावाचा छोटा कप फिदीफिदी हसतो, त्याची आई डोळे वटारते. पशू चमचा धरायचा प्रयत्न करतो, त्या प्रचंड पंजात तो नीट बसत नाही, आणि बेल आपला चमचा खाली ठेवून वाडगा उचलते. दोघेही वाडग्याला तोंड लावून सूप पितात. तिने त्याला शिष्टाचार शिकवले असते तर तुझा आक्षेप मी पुरता मान्य केला असता. इथे दोघेही अर्धी-अर्धी वाट चालून येतात.

नृत्याच्या प्रसंगाबद्दल सगळेच बोलतात आणि ते योग्य आहे. सगळा दिवाणखाना संगणकावर उभा केलेला आहे, हाताने काढलेल्या दोन आकृती त्यात फिरतात आणि कॅमेरा छतावरच्या झुंबराजवळून खाली झेपावतो. १९९१ मध्ये हे पाहून लोक थक्क झाले होते. चिपच्या आईच्या तोंडचे तिथले गाणे म्हणणाऱ्या अँजेला लान्सबरी यांचा आवाज कुठेही चढत नाही, हे मला जास्त मोलाचे वाटते. पण खरा प्रसंग त्यानंतरचा आहे. सज्जात बेल म्हणते की वडिलांना एकदा पाहावेसे वाटते. जादूच्या आरशात मॉरिस रानात आजारी पडलेला दिसतो. शेवटची पाकळी गळण्याआधी शाप सुटायला हवा, त्या जादूच्या गुलाबाच्या पाकळ्या संपत आल्या आहेत, तिला जाऊ दिले तर आपण कायमचे पशू राहू हे त्याला ठाऊक आहे, आणि तरीही तो म्हणतो, तू आता माझी कैदी नाहीस. ती गेल्यावर घड्याळ झालेला नोकर कॉग्सवर्थ येतो, काय झाले विचारतो, आणि पशू सांगतो की मी तिला जाऊ दिले. का, तर तिच्यावर प्रेम आहे म्हणून. एवढेच, तेही बोलून. मग ती घोड्यावरून दूर जाताना दिसते आणि तो डरकाळी फोडतो. गाणे नाही.

संगीतिकेत एवढ्या मोठ्या क्षणी गाणे नसावे, हे लोकांना चुकल्यासारखे वाटले असावे, कारण १९९४ मध्ये ब्रॉडवेवर नाटक झाले तेव्हा पशूला एक मोठे एकल गीत मिळाले, आणि २०१७ च्या जिवंत नटांच्या चित्रपटात नेमक्या याच जागी, बेल निघून जात असताना, तो बुरुजावर चढत चढत 'एव्हरमोर' गातो. गाणे सुरेख आहे. पण गाण्याने त्याला आपल्या दुःखाचा मालक करून टाकले आहे. तो स्वतःचा त्याग स्वतःच आपल्याला समजावून सांगतो. १९९१ चा पशू काही समजावत नाही. आपण किती सोसतो आहोत हे सांगायला त्याच्याजवळ सूर नाहीत, म्हणून आपल्याला त्याच्या कृतीवरूनच त्याला पारखावे लागते. डांबून ठेवणाऱ्याचे समर्थन करायचे असते तर त्याला सर्वांत गोड गाणे दिले असते. तुझ्या आक्षेपाला माझे उत्तर एवढेच आहे.

यातली बरीच गाणी लिहिताना ॲशमन एड्सने आजारी होते. १९९० मध्ये आधीच्या 'द लिटल मर्मेड' या चित्रपटातल्या गाण्यासाठी ऑस्कर मिळाल्यानंतर त्यांनी मेंकन यांना हे सांगितले. त्यांना प्रवास झेपेना, म्हणून कॅलिफोर्नियातली मंडळी कामासाठी न्यूयॉर्क राज्यातल्या फिशकिल गावी त्यांच्या घराजवळ येऊन राहू लागली. १४ मार्च १९९१ रोजी, चाळिसाव्या वर्षी, ते गेले. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या महोत्सवात अपुराच चित्रपट दाखवला, काही भाग नुसत्या रेखाटनांत होता, तरी प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. पुढे ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनात जागा मिळवणारा हा पहिला ॲनिमेशनपट ठरला. ॲशमन यांनी यातले काहीच पाहिले नाही. चित्रपटाच्या शेवटी त्यांच्या नावाची अर्पणपत्रिका आहे. एका मत्स्यकन्येला आवाज आणि एका पशूला आत्मा देणारा आमचा मित्र, असे त्यांना तिथे म्हटले आहे. मशालींचे ते गाणे त्यांच्या आजाराकडे आणि त्या काळच्या अमेरिकेतल्या भीतीकडे पाहून ऐकणारेही आहेत. तसे ऐकले तर ते अधिक कडू लागते.

दोन बाबतींत मात्र मी तुझ्या बाजूला आहे. शेवटी पशूचा राजपुत्र होतो तेव्हा माझी निराशा झाली; ॲनिमेटर ग्लेन कीन यांनी गव्याचे डोके, सिंहाची आयाळ, रानडुकराचे सुळे आणि अस्वलाचे धड जुळवून जो चेहरा घडवला, त्याच्यापुढे हा राजपुत्र अगदीच कोणीतरी वाटतो. शेवटच्या नाचाची रेखाटने तर १९५९ च्या 'स्लीपिंग ब्यूटी'वरून उचललेली आहेत, आणि ते दिसते. दुसरी गोष्ट त्या नोकरांची. ते प्रेमळ आहेत, पण शाप सुटण्यात त्यांचाही स्वार्थ आहे, आणि बेलला तो कोणीच सांगत नाही. तिच्याभोवती एवढी मेजवानी मांडताना तेवढे सांगायला हवे होते की नाही? तुझे उत्तर पत्रानेच कळव, फोनवर आपण विषय बदलतो.

तुझा,
बाबा