नाशिकच्या त्या माणसांचे मनापासून आभार

गेल्या शनिवारी वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी घेऊन संगमनेरहून नाशिकला गेलो. पंचवटीतल्या मित्राकडे फियाट ११०० डिलाइट आहे. इंजिन तेच १०८९ सीसीचं, गिअर तसाच स्टिअरिंगला, आणि दुखणंही एकच: गिअर लिंकेजचे, म्हणजे गिअरच्या दांड्याला गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या सळ्यांचे, बुश (सांध्यातल्या नळ्या) झिजलेले. पद्मिनीचं उत्पादन थांबून वीसहून जास्त वर्षं झाली, सुटे भाग आता भंगारातच शोधायचे.

चार दुकानांत नकार मिळाला. अंबडच्या बाजूला एका चाचांनी मात्र आमच्यासाठी अख्खा ढीग उपसला. तळाशी लिंकेज निघाली, ग्रीस वाळून दगड झालेलं. चाचांनी ती रॉकेलमध्ये बुडवली, दाताच्या जुन्या ब्रशने घासली, प्रत्येक सांधा हलवून दाखवला. बुश शाबूत! पैसे घेतले ते फक्त वजनाचे. मित्राच्या अंगणात लिंकेज बसवेपर्यंत वहिनींनी तीनदा चहा दिला.

परतताना भर उन्हात शिंदे गावाजवळ गाडी बंद पडली. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या गाडीतल्या पंपात वाफ धरली होती. द्राक्षांच्या पिकअपवाले एक दादा आपणहून थांबले, स्वतःचा गमछा ओला करून पंपाला गुंडाळला आणि गाडी चालू होईपर्यंत हलले नाहीत. वर एक घडही हातात दिला.

दादा, नाव विचारायचं राहून गेलं. तुमचा गमछा धुऊन ठेवलाय. चाचा, दुसरा गिअर आता लोण्यासारखा पडतो. वडिलांनी स्वतः चालवून पाहिला. तुम्हा सगळ्यांचे खूप खूप आभार.