दोन मुठी तांदूळ

बडोदे

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू वंशावळीचा मोठा कागद टेबलावर पसरलास आणि त्याच संध्याकाळी, भातासाठी काढलेल्या तांदळांतल्या दोन मुठी आजी परत डब्यात टाकते, यावरून तिची थट्टा केलीस. मी तेव्हा गप्प बसलो, हे चुकलेच.

त्यामागची हकीकत मला माझ्या आजीने, म्हणजे तुझ्या पणजीने, 1981 साली सांगितली. 1899 साली पावसाने दगा दिला. विक्रम संवत 1956 वरून त्या दुष्काळाला गुजरातीत ‘छप्पनियो’ म्हणतात, आणि आपल्या मराठी घरातही तो शब्द गुजरातीच राहिला. दुष्काळ आणि रोगराईने 1891 ते 1901 या काळात बडोदे संस्थानाची लोकसंख्या सुमारे 24 लाखांवरून साडेएकोणीस लाखांवर आली. तुझे खापरपणजोबा तेव्हा कडी प्रांतात सरकारी कारकून होते. पगार चालू असल्यामुळे घरात उपासमार नव्हती. परंतु दुष्काळामागोमाग पटकीची साथ आली आणि त्यांचे चार व दोन वर्षांचे मुलगे एकाच आठवड्यात गेले. खापरपणजीचा हात मात्र सवयीने चौघांचेच तांदूळ काढत राहिला, आणि भानावर आल्यावर ती दोन मुठी परत टाकू लागली. पुढे मुले झाली, घर भरले, तरी तिने ते सोडले नाही.

मला नवल वाटते ते असे की, या तिघी सासवा-सुनांत रक्ताचे नाते कोणतेच नाही. तुझी आजी तर सांगलीची. तिने ‘छप्पनियो’ हा शब्दही इथे आल्यावरच ऐकला. तुझ्या कागदावर रक्ताच्या रेषा आहेत, हे दुःख मात्र सुनांच्या हातून उतरत आले. मलाही ते चुकले नाही: लहानपणी तुला नुसते जुलाब झाले, तरी मी मध्यरात्री रिक्षा शोधत धावायचो आणि तुझी आई मला भित्रा म्हणायची.

त्या मुलांची नावे पणजीलाही ठाऊक नव्हती. खापरपणजीच्या नावाखाली दोन रिकाम्या चौकटी तेवढ्या काढ. तुझी आजी त्या मुठींना बरकत समजते. तिला खरे सांगावे की नाही, हे माझे अजून ठरत नाही. तू आलास की दोघे मिळून ठरवू.

तुझा,
बाबा