डोमिसाईल आहे, पण बारावी कुठली?

मा. संपादक,

दहावीचा निकाल लागला की देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीरकडची बरीच मुले अकरावीला हैदराबाद, निजामाबाद नाहीतर बिदरला जातात. सोयरिकी तिकडे, मग शाळाही तिकडे. पण नीटनंतर राज्याच्या ८५ टक्के कोट्यातून एमबीबीएसला लागायचे असेल, तर नुसते डोमिसाईल (राज्याचे अधिवास प्रमाणपत्र) पुरत नाही. दहावी आणि बारावी, दोन्ही महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण असावी लागते. बदलीच्या नोकरीतल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना काही सवलती आहेत. शेतकऱ्याच्या, दुकानदाराच्या मुलाला नाहीत. तेलंगणातही दोन वर्षे शिकून कोणी 'लोकल' होत नाही, तिथे सलग चार वर्षांच्या शिक्षणाची अट आहे. मग सरकारी कॉलेजात उरतो तो १५ टक्क्यांचा अखिल भारतीय कोटा.

घोटाळा होतो तो इंजिनिअरिंगमुळे. तिथे बारावी बाहेरून झालेली असली तरी स्वतःचे, वडिलांचे किंवा आईचे डोमिसाईल असेल तर 'टाइप बी'मधून राज्याचा उमेदवार होता येते. शेजारच्या पोराला चालले म्हणून आपल्यालाही चालेल, हा हिशेब मेडिकलला लागू नाही.

दुसरी अडचण जन्मस्थळाची. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. माहेर बिदरचे असेल तर टीसीवर जन्मस्थळ कर्नाटकातले येते. दहावी-बारावी इथेच झालेल्या आणि टीसीवर महाराष्ट्रातले जन्मस्थळ असलेल्या मुलाचे इंजिनिअरिंगला डोमिसाईलवाचून निभते. या मुलाला स्वतःचे, नाहीतर आईचे किंवा वडिलांचे डोमिसाईल लागतेच. काही टीसींवर जन्मस्थळाचा रकाना कोराच असतो. ती शाळेतून आधी दुरुस्त करून घ्यावी.

तलाठ्याचा किंवा ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला म्हणजे डोमिसाईल नव्हे. प्रवेशाच्या फॉर्मला हाच दाखला जोडणारे दरवर्षी निघतात. हवे असते ते तहसीलमधून मिळणारे 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र'. अर्ज सेतूतून किंवा आपले सरकार पोर्टलवरून करता येतो. टीसी, आधार, रेशन कार्ड, रहिवासी दाखला, स्वयंघोषणापत्र आणि साधारण १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आधारवर एक नाव आणि टीसीवर दुसरे असेल तर अर्ज त्रुटीत निघतो, आणि हे कळते ते जूनमध्ये, सर्व्हर बसलेला असताना. अकरावीच्या दिवाळीत अर्ज केला तर दुरुस्तीला भरपूर वेळ मिळतो.

फीचेही याच कागदावर अडते. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील मुलांची निम्मी शिक्षण फी सरकार भरते, आणि २०२४-२५ पासून पात्र मुलींची पूर्ण. दोन्हींना डोमिसाईल लागते, आणि प्रवेशही कॅपमधूनच, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच, झालेला हवा.

आपल्या दैनिकाने ही माहिती बारावीच्या निकालाच्या पानावर न छापता दहावीच्या निकालाच्या दिवशी छापावी. सीमाभागातल्या मुख्याध्यापकांनीही टीसी देताना पालकांना एवढे विचारावे, की पोराला मेडिकलला घालायचे आहे का.

– एक प्रवेश मार्गदर्शक, देगलूर (जि. नांदेड)