गणित सराव पुस्तिकेतील चुकीच्या उत्तरसूचीबाबत तक्रार

दिनांक : 8 डिसेंबर 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
शालेय पुस्तक विभाग

विषय : सहावी-सातवीच्या गणित सराव पुस्तिकेतील ‘गुणोत्तर-प्रमाण’, ‘शतमान’ व ‘नफा-तोटा’ या प्रकरणांतील चुकीची उत्तरे आणि चुकीच्या ‘ट्रिक’, शुद्धिपत्रक व बदली प्रती मिळण्याबाबत.

महोदय,

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी आणि सातवीला गणित शिकवते. आपल्या गणित सराव पुस्तिकेच्या 30 प्रती आम्ही जूनमध्ये तालुक्याच्या दुकानातून घेतल्या. एका प्रतीची छापील किंमत 260 रुपये. निम्मे पैसे शाळा व्यवस्थापन समितीने गावातून गोळा केले, उरलेले पालकांनी भरले. आमचे बहुतेक पालक शेतमजुरी करतात. त्यांनी ही रक्कम कुठून काढली ते मला माहीत आहे, म्हणून हे पत्र मी सविस्तर लिहीत आहे.

पुस्तिका घेण्याचे कारण साधे होते. पाठ्यपुस्तकातले सरावसंच मुले सोडवतात, पण शाब्दिक उदाहरण आले की अडतात. बेरीज-वजाबाकी येते, गुणाकार-भागाकारही येतो. उदाहरण वाचून त्यात काय दिले आहे, काय विचारले आहे आणि कशाची कशाशी तुलना आहे हे उमगत नाही. त्यासाठी भरपूर उदाहरणे हवी होती. आपल्या मुखपृष्ठावर ‘500 हून अधिक शाब्दिक उदाहरणे, अचूक उत्तरसूचीसह’ असे छापले आहे. त्यातल्या ‘अचूक’ या शब्दावर विश्वास ठेवून आम्ही पैसे दिले.

आता पान 62 वरचा प्रश्न 14 पाहावा. एका वर्गातील मुले व मुली यांचे गुणोत्तर 3:5 आहे, एकूण विद्यार्थी 40 आहेत, तर मुली किती? पर्याय 15, 16, 24 आणि 25. उत्तरसूचीत 24 दिले आहे.

सहावीतल्या एका मुलीने हे उदाहरण माझ्यासमोर सोडवले. वहीत तिने मुलांसाठी तीन चौकोन काढले, त्यांच्या पुढे मुलींसाठी पाच. आठ चौकोनांत मिळून 40 विद्यार्थी, म्हणजे एका चौकोनात 5, म्हणून मुली 25. पुस्तिकेत तिने 25 ला गोल केला आणि मागचे पान उघडून पाहिले. मग काही न बोलता खोडरबर घेतला, 25 चा गोल खोडला आणि 24 ला केला. कागद इतका घासला गेला होता की पलीकडची अक्षरे दिसू लागली. मी विचारले, “का खोडलंस?” तर म्हणाली, “बाई, माझं चुकलं. पुस्तकात चोवीस आहे.”

तिचे काहीच चुकले नव्हते. मुली 24 मानल्या तर मुले 16 उरतात, आणि 16:24 म्हणजे 2:3. उदाहरणात 3:5 दिले आहे. ताळा पाहायला अर्धा मिनिट लागतो. तो आपल्याकडे कोणीही पाहिलेला नाही.

सुरुवातीला मला वाटले, छपाईत एखादा आकडा इकडचा तिकडे झाला असेल. छापील मजकुरात चुका राहतात, त्याबद्दल माझी तक्रार नसती. पण त्याच पानावरच्या चौकटीत ‘10 सेकंदांत उत्तर’ या मथळ्याखाली युक्ती दिली आहे : गुणोत्तरातली लहान संख्या वर, मोठी खाली, आणि एकूणने गुणा. 3/5 गुणिले 40 म्हणजे 24. म्हणजे हे उत्तर त्या युक्तीतूनच आले आहे. मुलांच्या संख्येला मुलींच्या संख्येने भागले की मुले ही मुलींच्या किती पट आहेत ते कळते. त्याला साऱ्या वर्गाच्या संख्येने गुणून काहीच हाती लागत नाही. मुलींचा वाटा 8 पैकी 5 आहे. तो 8 आपल्या चौकटीत कुठेच नाही. पानावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की जो व्हिडिओ लागतो, त्यातही हीच युक्ती पुन्हा पुन्हा सांगितली आहे.

मग मी रोज शाळा सुटल्यावर ही तिन्ही प्रकरणे स्वतः सोडवत गेले. सगळ्या चुकांची यादी पानांच्या छायाप्रतींसह सोबत जोडली आहे. इथे तीनच मांडते, कारण त्यांचे मूळ एकच आहे.

पान 71 : एका परीक्षेत 40% विद्यार्थी अनुत्तीर्ण झाले आणि 30 विद्यार्थी उत्तीर्ण झाले, तर परीक्षेला किती जण बसले? आपले उत्तर 75. 75 चे 40% म्हणजे 30 अनुत्तीर्ण, मग उत्तीर्ण 45 व्हायला हवेत. बरोबर उत्तर 50. उत्तीर्ण 60% आहेत, ते 30. आपण उत्तीर्णांची संख्या अनुत्तीर्णांच्या टक्क्यांना जोडली.

पान 78 : 450 रुपयांना घेतलेली वस्तू 540 रुपयांना विकली, तर शेकडा नफा किती? आपले उत्तर 16⅔. नफा 90 रुपये हे बरोबर आहे, पण तो 540 वर काढला आहे. शेकडा नफा-तोटा खरेदी किमतीवर काढायचा, हे सहावीच्या पाठ्यपुस्तकात शिकवले जाते. 450 वर 90 म्हणजे 20%.

पान 80 : एका वस्तूची किंमत 20% वाढवली आणि नंतर 20% कमी केली, तर मूळ किमतीत काय फरक पडेल? आपले उत्तर ‘काही फरक पडणार नाही’. 500 रुपयांची वस्तू आधी 600 ला जाईल. पुढचे 20% त्या 600 चे, म्हणजे 120 रुपये, म्हणून किंमत 480 वर येईल. घट 4%.

तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा राहून गेला आहे : हे टक्के कशाचे? शेकडेवारीच्या शाब्दिक उदाहरणात मुलाने हाच प्रश्न विचारायला शिकायचे असते. बाकी सगळे गुणाकार-भागाकार आहेत, ते चौथीपर्यंत झालेले असतात. आमच्या भागात कडब्याचा व्यवहार शेकड्यावर चालतो. शंभर पेंढ्या 2000 रुपयांना असतील तर 35 पेंढ्यांचे किती, हे सहावीतला मुलगा तोंडी 700 सांगतो. एका पेंढीचे 20, मग 35 चे 700. हीच एकमान पद्धत आहे, आणि तो ती घरून शिकून आलेला आहे. संकलन केंद्रावरून दुधाची पावती आणणाऱ्या मुलाला 3.5 फॅट म्हणजे शंभर किलो दुधात साडेतीन किलो, हे एकदा सांगितले की पुन्हा सांगावे लागत नाही. शेकडेवारी ही मुलांच्या घरात रोज वावरते. पुस्तिकेने तिला हात दिला असता तर तीच मुले झपाट्याने पुढे गेली असती. आपण तिच्यावर ‘ट्रिक’ची चौकट ठोकली.

सातवीच्या भागातही हेच झाले आहे. पान 104 : 6 मजूर एक काम 12 दिवसांत करतात, तर तेच काम 9 मजूर किती दिवसांत करतील? उत्तरसूचीत 18 दिवस. मी फळ्यावर हे उदाहरण लिहिले आणि उत्तर मुलांनाच पडताळायला सांगितले. ज्याच्या घरी त्याच आठवड्यात कांद्याची काढणी चालली होती, तो मुलगा ताडकन उभा राहिला : “बाई, माणसं वाढल्यावर दिवस कसं काय वाढतील? उलट लवकर उरकतंय की!” मग त्यानेच सांगितले, एका माणसाला 72 दिवस, नऊ जणांना 8. त्या मुलाला वाचन अजून जड जाते. पण उत्तर शक्य आहे की नाही, हे त्याला पुस्तिका लिहिणाऱ्यापेक्षा चांगले कळले.

सरळ तिरकस गुणाकार करायचा की नाही हे ठरवण्याआधी एक राशी वाढली की दुसरी वाढते की घटते, हे पाहावे लागते. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये ‘लीलावती’त त्रैराशिक आणि व्यस्त त्रैराशिक वेगळे सांगितले आहेत, इच्छा (म्हणजे ज्या संख्येसाठी उत्तर काढायचे ती) वाढली की फळ (म्हणजे उत्तर) घटते, तिथे व्यस्त. आपल्या पुस्तिकेत मात्र समप्रमाण आणि व्यस्त प्रमाण यांची उदाहरणे एकाच चौकटीखाली, एकाच युक्तीने सोडवली आहेत.

नोव्हेंबरमध्ये मी मलपृष्ठावरच्या क्रमांकावर फोन केला. पहिल्यांदा पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा म्हणून सांगितले, मी पाठवले. उत्तर आले नाही म्हणून पुन्हा फोन केला, तेव्हा आपल्या कार्यालयातून सांगण्यात आले की पुढच्या आवृत्तीत बघू, आणि तोवर मुलांना योग्य उत्तर तुम्ही वर्गात सांगा, शिक्षक त्यासाठीच असतात. मी सांगतेच आहे. पण ही पुस्तिका मुले घरी घेऊन जातात. आमच्या पटावर अशीही मुले आहेत, ज्यांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले आहेत आणि जी आजीजवळ राहतात. संध्याकाळी त्यांच्यासमोर मी नसते, मागचे उत्तराचे पान असते. ज्याला कोणी समजावणारे नाही, त्याच्यासाठीच तर उत्तरसूची असते.

शिवाय ही मुले सातवीत शिष्यवृत्ती परीक्षेला बसणार आहेत. तिथे गणिताला 100 गुण आहेत, प्रत्येक प्रश्नाला 2, आणि उत्तरपत्रिकेत फक्त वर्तुळ रंगवायचे असते. रीत तपासायला कोणी नसते. तिथे मुलाला आपले उत्तर स्वतःच तपासावे लागते, ताळा करून. आपल्या संपूर्ण पुस्तिकेत ताळा हा शब्द मला सापडला नाही. उलट ज्या मुलांनी ताळा केला, त्यांना पुस्तिकेने चुकीचे ठरवले. आमच्या वर्गात आता हुशार मुलेही आधी मागचे पान पाहतात आणि त्यातला आकडा कसा येईल याची आकडेमोड जुळवतात. वर्षभर मेहनत करून लावलेली सवय मोडली जात आहे, याचे मला फार वाईट वाटते. चुकीचे उत्तर एका दिवसात दुरुस्त करता येते. बरोबर आलेले उत्तर खोडायची सवय लागली की ती काढायला फार काळ जातो.

पुस्तिकेत चांगलेही आहे, ते मी नाकारत नाही. दशांश अपूर्णांकांचे प्रकरण नीट आहे, भूमितीच्या आकृत्या स्वच्छ छापल्या आहेत, टाइप मोठा आहे. म्हणूनच या तीन प्रकरणांवर कोणा जाणकाराची नजर फिरली नाही याचे आश्चर्य वाटते.

माझ्या मागण्या अशा. सोबतच्या यादीप्रमाणे तिन्ही प्रकरणे तपासून शुद्धिपत्रक छापावे आणि ते फक्त आमच्या शाळेला न देता, ज्या ज्या विक्रेत्यांमार्फत ही आवृत्ती गेली त्या सर्वांकडे पाठवावे. आमच्यासारख्या आणखी किती शाळांत मुले आज 25 खोडून 24 लिहीत असतील, कोण जाणे. क्यूआर कोडवरचा तो व्हिडिओ आजच काढावा, त्याला छपाईची वाट पाहावी लागत नाही. पान 62 आणि पान 104 वरच्या चौकटी पुढच्या आवृत्तीत गाळाव्यात आणि प्रत्येक प्रकारच्या एका तरी उदाहरणाखाली ताळा करून दाखवावा. आमच्या 30 प्रती दुरुस्त आवृत्तीने विनामूल्य बदलून द्याव्यात, किंवा त्यांची रक्कम शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात परत करावी. पुस्तिका कोणी लिहिली आणि कोणी तपासली, यांची नावे आत कुठेच नाहीत, ती छापावीत.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावे. ते न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीने केला आहे. तशी वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते. शुद्धिपत्रकाचा मजकूर तयार करायला माझी मदत हवी असेल तर मी मोबदला न घेता करून देईन. सर्व उदाहरणे रीत आणि ताळ्यासह सोडवून तयार आहेत.

आपली विश्वासू,
सहशिक्षिका (गणित),
जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळा, जि. सोलापूर

सोबत :
खरेदीच्या बिलाची छायाप्रत
चुकांची यादी व संबंधित पानांच्या छायाप्रती
सर्व उदाहरणांची रीत व ताळा
शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाची प्रत