तुझ्या खोकल्याबद्दल

शाहूपुरी, सातारा
रविवार, रात्री

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

संध्याकाळी फोन कट झाला तो नेटवर्क गेलं म्हणून नाही, हे मला कळलं. मीही परत लावला नाही. पीजीचा, पुढच्या शिक्षणाचा विषय मी काढायलाच नको होता. आता तू वर लेहकडे निघालायस, पलटणीचा डॉक्टर, आरएमओ म्हणून निघालायस, आणि मी काय तर पुण्यातल्या सीटचं घेऊन बसले. चुकलं माझं. आता तो विषय माझ्याकडून बंद.

पण बोलताना तू तीनदा खोकलास. कोरडा खोकला. तो कानातून जाईना म्हणून लिहायला बसले.

गेल्या दिवाळीत ओट्याशी उभा राहून करंज्या खाताना तूच सांगत होतास. 9,000 ते 12,000 फुटांवर 6 दिवस थांबायचं, 15,000 पर्यंत आणखी 4, त्याच्या वर गेलं की पुन्हा 4. शरीराला सवय होऊ द्यायची. घाई केली की फुप्फुसात पाणी उतरतं. आधी चालताना धाप, मग कोरडा खोकला, रात्री वाढणारा, आणि फेसाळ थुंकी यायला लागली म्हणजे फार उशीर झाला. ऑक्सिजन लावायचा आणि माणसाला खाली आणायचं. जवान खोकला लपवतात, पलटणीत हसतील म्हणून, हेही तूच म्हणालास. मी कढईतलं तेल बघत होते, पण शब्द न् शब्द ऐकला. तीस वर्षं उपकेंद्रात काढलीत मी.

आबा दारातच बसले होते. त्या रात्री ते जेवले नाहीत, आठवतं ना? मग सांगितलं त्यांनी. बासष्टला त्यांना सपाटीवरून थेट वर चढवलं होतं. त्यांच्या तंबूतला एक जण रात्रभर खोकला आणि पहाटे गेला. कागदावर न्यूमोनिया लिहिलं. इतकी वर्षं आबांना वाटत होतं, आपण त्याला अजून एक कांबळं द्यायला हवं होतं. तू त्यांच्यापाशी खाली बसलास आणि म्हणालास, आबा, कांबळ्यानं काही झालं नसतं. तेव्हा डॉक्टरांनाही हा आजार नीट ओळखता येत नव्हता. त्या लढाईनंतर आपल्याच लष्करी डॉक्टरांनी जवानांवरून तो अभ्यासला, 1965 मध्ये छापला, आणि आज जगभर तो वाचतात. आबांनी तुझा हात बराच वेळ सोडला नाही. मी आत येऊन उगाच भांडी लावत बसले. तू डॉक्टर झालास ते त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं म्हण.

कमिशनिंगच्या परेडलाही इतकं भरून आलं नव्हतं. तिथं खरं सांगू का, मी घाबरले होते. एएफएमसीच्या, तुमच्या लष्करी वैद्यकीय कॉलेजच्या त्या मैदानाचं नाव वाचलं, कॅप्टन देवाशिष शर्मा, कीर्तिचक्र, आणि मंगलआत्याला विचारलं की डॉक्टरच्या नावाचं मैदान का. तिनं उत्तर दिलं नाही. मग तुझ्या खांद्यावर तारे लावताना माझे हात थरथरले, ते तुला आनंदानं वाटलं. आनंदही होता रे.

नवीन सून म्हणून अपशिंग्यात आले तेव्हा आबांनी मला पहिल्याच आठवड्यात स्मारकाच्या दगडापाशी नेलं होतं. पहिल्या महायुद्धातून गावची 46 माणसं परत आली नाहीत. तुलाही सहा वर्षांचा असताना तिथंच उभं केलं. तू विचारलंस, त्यांच्याबरोबर डॉक्टर नव्हता का? हे मी कुणाकुणाला किती वेळा सांगितलंय, पप्पांना विचार.

आता ऐक. पलटणीत आठशेच्या आसपास माणसं, आणि डॉक्टर तू एकटा. नर्सिंग असिस्टंट असतील, पण छातीला स्टेथो लावून निर्णय घ्यायचा तो तूच. तुझ्या छातीला कोण लावणार? धूळ लागली, एसीचा त्रास झाला, असं मला सांगू नकोस. आजारी माणसाला तू काय म्हणाला असतास ते स्वतःला म्हण. अहवाल दे, वरच्या डॉक्टरला दाखव, चार दिवस उशिरा चढ. त्यात कमीपणा...

बघ, लागले शिकवायला. तुला शिकवणारी मी कोण.

पण हे मी स्वतः केलंय. बामणोलीची लाँच आठवते? तू माझ्या शेजारी, मांडीवर लसींची पेटी, आणि मी पदर तोंडावर धरून खोकत होते. ताप होता. पलीकडच्या वस्तीत बारा पोरं लसीसाठी थांबली होती, पुढची फेरी महिन्यानं. बारा जणांना टोचलं, कार्डं भरली, आणि परत येताना लाँचमध्येच आडवी झाले. आठ दिवस सलाईनवर होते. तू त्या पेटीला दोन्ही हातांनी धरून बसला होतास, आई पडली तरी पेटी पडू द्यायची नाही म्हणून. सगळे तुझं कौतुक करत होते, माझंही. मला मात्र अजून त्या मुलाचा चेहरा दिसतो. माझ्याकडून तू हेच शिकला असशील तर ते विसर.

पप्पा काही बोलत नाहीत. मघापासून लेहचं तापमान बघतायत.

खालच्या आळीतला यादवांचा पोरगा सुट्टी संपवून बुधवारी निघतोय, त्याच्याकडे पिशवी दिलीय. कंदी पेढे आहेत, ते सगळ्यांना वाट. ताईनं विणलेले हातमोजे आहेत, बोटं जरा आखूड झालीत. आणि तळाशी रुमालात कोरोनातलं आपलं ऑक्सिजन बघायचं यंत्र आहे, सेल नवे घातलेत. पलटणीच्या दवाखान्यात, एमआय रूममध्ये तशी ढीगभर असतील, माहीत आहे. ती जवानांसाठी. हे तुझ्यासाठी. तिथं आकडा कमीच दिसतो हेही तू सांगितलंयस, मी 97 मागणार नाही. रात्री झोपण्याआधी बोट घाल आणि जो दिसेल तो आकडा पाठव. बाकी काही लिहू नकोस, नुसता आकडा.

तुझी,
आई